ज्या नावेला नंबर नाही

आमच्या शाळेत सातवीतला एक मुलगा आठवड्यातून दोन-तीन दिवस उशिरा यायचा. आला की शेवटच्या बाकावर बसायचा आणि दुसऱ्या तासाला डोकं टेकवून झोपायचा. अंगाला माशांचा वास. आजूबाजूची मुलं नाकाला रुमाल लावायची. मी शिस्तीचा मास्तर. एके दिवशी त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि घरून कुणाला तरी घेऊन आल्याशिवाय आत यायचं नाही, असं बजावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, अब्बा रात कू जाले डालते. मैं काठ पे बैठता. बत्ती दिखाने कू कोई होना ना."

दुसऱ्या दिवशी घरून कुणीच आलं नाही. मग मीच गेलो. फजरची नमाज झाली, मोटारसायकल काढली आणि पाण्याचा काठ गाठला.

उजनीचं पाणी म्हणजे आमच्या भागाचा समुद्रच. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. ११७ टीएमसी पाणी पोटात घेतं. मागचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांना शिवतो. बाहेरची माणसं भिगवणला रोहित पक्षी बघायला येतात आणि चिलापी खाऊन जातात. ती चिलापी ताटात येते कशी, हे मी चाळिशी ओलांडल्यावर, त्या पहाटे पहिल्यांदा नीट पाहिलं.

पाण्यावर एक काळं चाक तरंगत येत होतं आणि त्यावर एक माणूस बसलेला होता. ट्रकची ट्यूब. मध्यभागी काथ्याच्या दोरीनं विणलेली बैठक, तिच्यावर खताचं रिकामं पोतं. पाय पाण्यात. दोन्ही हातांत पत्र्याचे तुकडे ठोकलेल्या फळ्या, त्याच वल्ही. मागं दोरीला बांधलेला प्लास्टिकचा क्रेट, त्यात रात्रीची कमाई. काठाला लागल्यावर त्यानं ट्यूब खांद्यावर घेतली, मला सलाम केला आणि माझ्याआधी स्वतःच माफी मागितली, "सर, पोरगा उद्यापासून टायमावर येईल."

हा माणूस आधी हायवेवर पंक्चरच्या दुकानात कामाला होता. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान गेलं. मालकानं हिशेब चुकता करताना दोन जुन्या ट्यूब दिल्या. आमच्या समाजाला "पंक्चरवाले" म्हणून हिणवणारे खूप भेटतात. त्या पंक्चरवाल्यानं त्याच ट्यूबवर बसून पाच माणसांचं घर चालवलं, हे त्यांना कुणी सांगायला हवं.

मी विचारलं, होडी का घेत नाही? तो हसला. होडीला पैसा लागतो, दुसरा माणूस लागतो, बांधून ठेवायला जागा लागते आणि रात्री राखण लागते. ट्यूब खांद्यावरून घरी नेता येते. हवा सोडली की खाटेखाली जाते. आवाज नाही, डिझेल नाही, गुडघाभर पाण्यातही जाते. बुडालेल्या बाभळींच्या खोडांत, जुन्या गावांच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला मासा बसतो, तिथं होडी घुसत नाही, ट्यूब घुसते. मात्र त्याच खोडांनी ट्यूब फाटते, हे त्यानं शेवटी, अगदी सहज सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तेव्हा तर कुठल्या खोडाचं टोक किती खाली आहे याचा अंदाजच येत नाही. काही जण म्हणून थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून त्यावर बसतात. ते फाटून बुडत नाहीत, पण वाऱ्यानं उलटतात.

मी भाषेचा शिक्षक. घरी येताना डोक्यात एकच शब्द घोळत होता, सांगड. "कामाची आणि अभ्यासाची सांगड घाला" असं आपण मुलांना सांगतो. हा शब्द मुळात पाण्यातला. वाळलेले भोपळे एकत्र बांधून, किंवा दोन होड्या एकमेकींना जोडून, पाणी ओलांडायला जे तरंगतं साधन करायचे, ती सांगड. म्हणजे ट्यूबवर बसणारा माणूस काही जगावेगळं करत नव्हता. भोपळ्याच्या जागी रबर आलं, एवढंच.

काही महिन्यांनी त्याच काठावर मला दुसरा माणूस भेटला. पुण्याचा इंजिनिअर. गाडीच्या टपावरून त्यानं पिवळी कयाक उतरवली. एका माणसाची, निमुळती, वर बसायची. तिच्या तळाला आरपार भोकं होती. मला वाटलं, फुटलीय. तो म्हणाला, लाट आत आली की पाणी त्या भोकांतून आपोआप खाली जातं आणि कयाक पोकळ, बंद असल्यामुळे बुडत नाही. गळाचे दांडे रोवायला खाचा, मासा शोधणारं यंत्र, वल्ह्याला दोरी म्हणजे हातातून सुटलं तरी वाहून जाणार नाही. गळ्यात शिट्टी. मोबाइल जलरोधक पिशवीत. आणि अंगात लाइफ जॅकेट, हात मोकळे फिरावेत म्हणून बगलेत खोल कापलेलं. ते सगळं मिळून माझ्या दोन पगारांपेक्षा महाग होतं. मासा पकडून, फोटो काढून तो परत सोडून देत होता. निव्वळ मौजेसाठी माशाच्या ओठात गळ रुतवणं मला पटत नाही, तसं मी त्याला बोललोही. त्यानं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. भला माणूस होता.

त्याच्याकडूनच कळलं की अमेरिकेत ट्यूबवर बसून मासे धरण्याचाही मोठा शौक आहे. तिथंही सुरुवात गाडीच्या ट्यूबनंच झाली होती. ट्यूबला कापडी बैठक शिवायची, पायात बदकासारख्या पट्ट्या घालायच्या आणि तळ्यात उतरायचं. पुढं त्यात सुधारणा झाल्या. आता हवेच्या दोन लांब नळ्या, मध्ये धातूची चौकट आणि तिच्यावर खुर्ची, असा पॉंटून मिळतो. एक नळी फुटली तरी दुसरी तारते. आमच्या पंक्चरवाल्याच्या ट्यूबचीच ही शिकलेली नातवंडं.

कयाकचा इतिहास तर आणखी बोलका आहे. हे मुळात खेळाचं साधन नव्हतंच. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी पोटासाठी बनवलेली ही शिकारीची नाव. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं. ज्याची कयाक त्याच्या अंगाच्या मापानं बनायची, शिंप्याकडचा सदरा असावा तशी. बर्फाळ पाण्यात उलटली तर माणूस काही मिनिटांत गारठतो. म्हणून ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांनी उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या, वल्ह्याच्या झटक्यानं पुन्हा सरळ करण्याच्या कितीतरी पद्धती शोधल्या. त्या लहानपणापासून शिकवल्या जायच्या. नाव आणि नाव उलटल्यावर जगण्याचं ज्ञान, दोन्ही बापाकडून मुलाकडे एकत्र जात होतं.

आपल्याकडे ट्यूब आली, पण तिच्यासोबत हे ज्ञान आलं नाही. जॅकेटही आलं नाही.

२०२४च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात याच उजनीत उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला, म्हणून लोकांना लवकर कळलं तरी. त्या वेळी वर्तमानपत्रं भरून आली, नेते आले, लाइफ जॅकेटची चर्चा झाली. ती सगळी चर्चा प्रवासी बोटींची होती. ट्यूबवाल्यांचं नाव त्यात कुठं नव्हतं.

पुढच्या वर्षी, वळवाच्या दिवसांत, आमचा ट्यूबवाला परत आला नाही. मुलगा काठावर बत्ती घेऊन बसला होता. वारा सुटला, त्यानं हाका मारल्या, मग गावात धावत आला. भोई वस्तीतले एक म्हातारे बाबा, ज्यांनी त्याला जाळं टाकायला शिकवलं होतं, ते आपली होडी घेऊन त्या वाऱ्यात निघाले. त्यांना मुलांनी अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. ट्यूब दुसऱ्या दिवशी सापडली, एका बाजूनं फाटलेली. माणूस तिसऱ्या दिवशी. पायात तंगुसाचं जाळं गुरफटलेलं होतं. तो चांगला पोहणारा होता, हे सगळं गाव सांगत होतं. जाळ्यात पाय अडकल्यावर पोहण्याचा काय उपयोग?

जनाजाला मोठी गर्दी होती. भोई वस्तीतले सगळे आले होते. कुणीतरी म्हणालं, पाण्यात बुडून गेला, शहीदाचा दर्जा मिळेल. मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. शहीदाचा दर्जा देणं अल्लाहचं काम. जॅकेट देणं आपलं काम होतं. मी त्या पहाटे त्याच्याशी अर्धा तास बोललो होतो, ट्यूब हाताळून पाहिली होती, पोराच्या हजेरीबद्दल त्याला दोन शब्द सुनावलेही होते. पुण्याच्या माणसाच्या जॅकेटची बगल कशी कापलेली असते, हे मी बारकाईनं पाहिलं होतं. आणि तरीही "तू एक जॅकेट घे" किंवा "मी तुला घेऊन देतो" हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. कारण मलाही आतून असंच वाटत होतं की जॅकेट हौशी माणसाचं असतं. पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्याचं नसतं.

गावात कुणाचाही अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात, मराठी चांगलं आहे म्हणून. हा अर्जही मीच लिहिला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजार. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मच्छीमाराला एक पैसा द्यावा लागत नाही. मी आशेनं गेलो. पहिला प्रश्न, "संस्थेचा सभासद होता का?" नव्हता. दुसरा, "नौकेचा क्रमांक?" मी म्हणालो, ट्यूब होती. समोरच्या माणसानं पेन खाली ठेवलं. तो उद्धट नव्हता. त्याच्या कागदावर रकाना होता आणि त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

इथं प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. धरणातली मासेमारी ठेक्यानं दिली जाते. सहकारी संस्था पैसे भरते, मत्स्यबीज सोडते. बाहेरचा कुणी रात्री ट्यूबवरून जाळं टाकून गेला तर त्यांचं नुकसान होतं, हे खरं आहे. संस्थेतले लोकही काही श्रीमंत नाहीत, त्यांचीच गावं या पाण्याखाली गेली आहेत. म्हणून ट्यूबवाला अंधारात जातो, एकटा जातो आणि काही झालं तर हाक मारायलाही कचरतो. चोर ठरण्याची भीती त्याला बुडण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. हा तिढा पोलिसांच्या काठीनं सुटणार नाही. त्याला पाण्यातून हाकलला तर तो दुसऱ्या काठानं, आणखी अंधारात उतरेल. संस्थांनी अशा लोकांना ठरावीक शुल्क घेऊन हंगामी परवाना द्यावा, मासा आपल्याच काट्यावर घालायची अट घालावी. त्यातून संस्थेचं उत्पन्न वाढेल आणि ट्यूबवाल्याला उजेडात जाता येईल.

नोंदीचंही तसंच. २०२१च्या अंतर्देशीय नौका कायद्यात इंजिन नसलेल्या नौकांची नोंद जिल्हा, तालुका, पंचायत अशा स्थानिक पातळीवर ठेवण्याची कल्पना आहे. ग्रामपंचायतीनं एक वही घातली, माणसाचं नाव, साधन आणि कुठल्या काठानं उतरतो एवढं लिहिलं, तरी फॉर्ममधला तो रकाना रिकामा राहणार नाही. २०२४पासून राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर मच्छीमारांची, मासे विकणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली आहे. गावातल्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये आधार कार्ड घेऊन जायचं असतं. आपल्यापैकी जे शिकलेले आहेत त्यांनी एक रविवार यासाठी द्यावा. आपल्या गावात गळ, जाळं, ट्यूब यावर जगणारी किती माणसं आहेत, ते मोजून पाहावं. मी मोजली, तेव्हा आमच्या एका काठावर चौदा निघाली. भोई, कोळी, मुसलमान, एक वडार. कुणाचीच नोंद नव्हती.

आता जॅकेटबद्दल. मी विषय काढला की तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "आम्हाला पोहता येतं." त्याचं उत्तर वर दिलंच आहे. शिवाय थंडीत पायात पेटके येतात, डोक्याला मार लागतो, तेव्हा पोहणं विसरायला होतं. माणसाचं शरीर पाण्याइतकंच जड असतं, जवळजवळ तरंगण्याच्या काठावर. त्याला थोडासा आधार पुरतो. साध्या जॅकेटची उचल सात किलोच्या आसपास असते आणि तेवढ्यानं तोंड पाण्याबाहेर राहतं. पायातलं जाळं सोडवायला वेळ मिळतो, काठावरच्या पोराची हाक ऐकून उलट हाक देता येते. अमेरिकेत कयाकही कायद्यानं नौका मानली जाते आणि तिच्यावर जितकी माणसं तितकी जॅकेटं असावीच लागतात. तरीसुद्धा तिथल्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत दरवर्षी तेच दिसतं, नौकेवरून पडून बुडालेल्यांपैकी दहांतल्या आठांहून जास्त लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. पोहता येणारेही त्यात असतातच.

दुसरं उत्तर, "जाळं ओढताना अडचण होते." होते. नारंगी, जाड, पुस्तकासारखं चौकोनी जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, हे मी स्वतः घालून पाहिलं. पण बगल मोकळी असलेली, अंगाला बसणारी जॅकेटं मिळतात. हजार-दीड हजारात बरं मिळतं. जाळ्यासाठी, वल्ह्यासाठी माणूस पैसे उभे करतोच.

तिसरं उत्तर आमच्या लोकांचं खास आहे, "सर, मौत का वक्त तो मुकर्रर है." याच्यापुढं बोलायला लोक घाबरतात, कारण बोललं तर इमानावर बोट ठेवल्यासारखं होतं. मी बोलतो. तवक्कुलचा अर्थ हात झटकणं असा कुणी शिकवला? उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी तो बांधायला सांगितला, ही गोष्ट आपण मकतबमध्ये शिकलो आहोत. हजरत नूह यांना अल्लाहनं हुकमानंच वाचवलं असतं. तरी आधी कश्ती बांधायला लावली, फळ्या जोडायला लावल्या. ज्याच्या बापाचा जीव पाण्यात गेला त्या पोराला "वक्त मुकर्रर था" म्हणून समजवावं, त्यात सांत्वन आहे. ज्याचा बाप आज रात्री पाण्यात उतरणार आहे, त्याला तेच वाक्य ऐकवणं हा निष्काळजीपणा आहे.

शेवटची गोष्ट शाळेची, म्हणजे माझ्या स्वतःच्या घरची. जगात २०२१ या एका वर्षात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. त्यातली दहांतली नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. धरणाच्या काठावरच्या शाळेत आम्ही मुलांना समुद्राचे प्रवाह शिकवतो, पाण्याचं रासायनिक सूत्र घोकून घेतो. पाण्यात पडल्यावर पाठीवर तरंगत कसं राहायचं, बुडणाऱ्याकडे उडी न मारता दोरी किंवा रिकामा कॅन कसा फेकायचा, हे शिकवत नाही. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याला कुणी बीएड केलेलं नव्हतं, पण हा धडा त्यानं चुकवला नाही.

आम्ही काही जणांनी मिळून आठ जॅकेटं आणली आहेत. मशिदीतल्या काही लोकांनी आणि शाळेतल्या शिक्षकांनी पैसे दिले. ती भोई बाबांच्या घरी काठावर टांगलेली असतात. संध्याकाळी नेऊन सकाळी परत टांगायची, असा नियम ठरला. सुरुवातीला दोघंच घालायचे, बाकीचे हसायचे. आता पाच जण घालतात. बाबा एखाद्याला विनाजॅकेट उतरताना दिसले की शिव्या देतात. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या शिव्यांचा उपयोग जास्त होतो.

तो मुलगा आता आठवीत आहे. रोज वेळेवर येतो. पहिल्या बाकावर बसतो आणि झोपत नाही. त्याच्या हजेरीच्या रकान्यात एकही गैरहजेरी नाही, आणि ते पान उलटताना माझा हात थांबतो. परवा त्यानं विचारलं, "सर, आठ में से तीन जाकिटां खाली लटकते ना? किसका है वो?"

ज्यांच्या गावाजवळ पाणी आहे, त्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. एक पहाट काढा आणि काठावर जा. ट्यूबवर, थर्माकोलवर, पिंपावर बसून कोण येतंय ते बघा. त्याचं नाव विचारा आणि लिहून घ्या.